कवेलू आणि कळस

गेल्या महिन्यात आमच्या भागातल्या मारुतीच्या देवळाच्या कमिटीची सभा झाली. मी या कमिटीचा कोषाध्यक्ष. बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला कन्हानसारख्या गावात दोन गोष्टी चुकत नाहीत, एक सकाळचे फिरणे आणि दुसरे कुठल्यातरी कमिटीचे कोषाध्यक्षपद. मी कादंबऱ्या लिहितो हा माझा दोष गावाने पोटात घातला आहे. पण अडतीस वर्षे दुसऱ्यांच्या पैशांचा हिशेब ठेवला, हा गुण मात्र कोणी विसरायला तयार नाही.

सभेपुढे विषय एकच होता, जीर्णोद्धार. देवळाचा स्लॅब गळतो. मागच्या श्रावणात छताचा एक ढलपा थेट समईवर येऊन पडला आणि आतल्या गंजलेल्या सळया उघड्या पडल्या. सुदैवाने त्या वेळी खाली कोणी बसलेले नव्हते. एका उत्साही तरुणाने नव्या देवळाचे रंगीत चित्रच करून आणले होते. पांढरेशुभ्र संगमरवर, खाली ग्रॅनाइट, वर एक सोडून तीन कळस. तिन्ही कळसांना देणगीदारही ठरलेले. पायऱ्या, दरवाजा, घंटा, पाण्याची टाकी, सगळ्यांना नावे लागलेली. चित्र हातोहात फिरले, माना डोलल्या आणि शेवटी ते माझ्यापुढे आले. ‘‘काकाजी, तुम्ही फक्त हो म्हणा जी,’’ तो पोरगा म्हणाला, ‘‘जुनं सारं पाडून टाकू. काय ठेवलं आहे त्यात?’’

प्रश्न साधा होता, पण मला उत्तर देता येईना. कारण १९९४ साली, याच पारावर बसून, नेमका हाच प्रश्न मी विचारला होता. तेव्हा मी पस्तिशीचा होतो, बँकेत अधिकारी होतो आणि ‘हो म्हणा’ असे मी ज्यांना सांगत होतो ते माझ्या वडिलांच्या वयाचे होते.

त्या वेळचे देऊळ माझ्या डोळ्यांसमोर अजून लख्ख आहे. चुन्यात बांधलेल्या विटांच्या जाड भिंती, पुढे सहा सागवानी खांबांचा लहानसा मंडप आणि वर कवेलूंचे उतरते छप्पर. या छपराला दरवर्षी माणसे लागत. मृग लागायच्या आधीचा एक रविवार ठरलेला असे. त्या दिवशी कवेलू फेरायचे. घरटी एक माणूस यायचा. वर चढणारे दोघे-तिघे जाणते. जुने कवेलू काढून खाली द्यायचे, फुटके बाजूला टाकायचे, शेवाळ खरवडायचे, कुजलेल्या कमच्या बदलायच्या आणि खालून वर, ओळीने, एकावर एक चढवत यायचे. आम्हा पोरांची रांग लागे. या हातातून त्या हातात कवेलू जात. एखादा फुटला तर पोराच्या डोक्यात टपली बसे आणि दोन फुटले तर आजोबांच्या नावाचा उद्धार होई. दुपारी रोडगे आणि वांग्याची भाजी. संध्याकाळपर्यंत छप्पर पुरे, आणि मग सगळे गाव आभाळाकडे बघत बसे.

त्या फेरणीचा मला, शिकलेल्या माणसाला, कंटाळा आला होता. दरवर्षी तोच खटाटोप, तेच वर्गणीचे पाच-दहा रुपये, ‘तुमच्या घरून कोणी आलं नाही’ ही तीच भांडणे. १९९४ साली स्लॅब घालण्याचा ठराव झाला, तो मीच लिहिला. कमिटीच्या जुन्या वहीत माझ्याच अक्षरात तो आजही आहे : ‘दरवर्षीची कटकट कायमची मिटावी म्हणून.’ स्लॅब पडला. खांब विकले. कवेलू कोणाच्या तरी गोठ्यावर गेले. कटकट मिटली. त्यानंतर तीस वर्षांत पावसाळ्याआधी देवळाला कोणाचीही गरज पडली नाही, आणि देवळाचीही कोणाला तेवढी गरज राहिली नाही, हे माझ्या लक्षात यायला निवृत्त व्हावे लागले.

हे सगळे आज लिहिण्याचे निमित्त मात्र वेगळेच आहे आणि ते जरा दूरचे आहे.

आमच्या कन्हानचा पूल ओलांडला की कामठी. तिथले ड्रॅगन पॅलेस आता सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. जपानच्या ओगावा सोसायटीच्या साहाय्याने उभे राहिलेले आणि १९९९ मध्ये खुले झालेले हे बुद्धविहार. आमच्याकडे पाहुणे आले की त्यांना दाखवायच्या ठिकाणांत त्याचा पहिला नंबर. सभेनंतरच्या रविवारी मी नऊ वर्षांच्या नातीला घेऊन तिथे गेलो होतो. आतली स्वच्छता आणि शांतता पाहून पोरगी भारावली. बाहेर येताना तिने विचारले, ‘‘आजोबा, जपानमधलं सगळ्यात जुनं देऊळ कोणतं?’’

मी म्हणालो, ‘‘बेटा, तिकडे एक देऊळ असं आहे की ते तेराशे वर्षांचं आहे आणि तुझ्यापेक्षा फक्त थोडंसंच मोठं आहे.’’

तिला वाटले, आजोबा नेहमीप्रमाणे गोष्ट रचताहेत. पण ही गोष्ट रचलेली नाही.

जपानमध्ये इसे नावाचे गाव आहे. तिथे शिंतो पंथाचे, किंबहुना साऱ्या जपानचे सर्वांत मानाचे देवस्थान आहे. शिंतो म्हणजे बौद्ध धर्म नव्हे. तो त्या भूमीतला त्याच्याही आधीचा मार्ग. त्याला कोणी संस्थापक नाही, सगळ्यांनी मानलाच पाहिजे असा एक ग्रंथ नाही. डोंगर, धबधबा, जुने झाड, पूर्वज, जिथे जिथे माणसाला नतमस्तक व्हावेसे वाटते तिथे तिथे ‘कामी’ असतो, एवढीच मूळ श्रद्धा. आपल्याकडे शिवेवरच्या दगडाला शेंदूर लावणाऱ्याला आणि कोकणात देवराईची काडीही न तोडणाऱ्याला ती समजावून सांगावी लागणार नाही. इसेला मुख्य देवळे दोन : आतल्या देवळात सूर्यदेवता आमातेरासु, बाहेरच्यात अन्नाची देवता तोयोउके. बाहेरच्या देवस्थानात देवतांना रोज सकाळ-संध्याकाळ नैवेद्य असतो आणि त्याचा विस्तव आजही लाकडावर लाकूड घासून पाडतात.

या देवळांचा एक विलक्षण नेम आहे. दर वीस वर्षांनी ती नव्याने बांधायची. डागडुजी नव्हे, पुरती नवी. प्रत्येक देवळाशेजारी तेवढीच दुसरी मोकळी जागा राखलेली असते. तिच्यावर अगदी तशाच मापाचे, तशाच लाकडाचे, तशाच गवती छपराचे देऊळ उभारतात. ते पुरे झाले की एका रात्री, अंधारात, देव जुन्या घरातून नव्या घरात जातो, आणि मग जुने उतरवतात. आतल्या देवळाचे पहिले असे स्थलांतर ६९० साली झाले. ऑक्टोबर २०१३ मध्ये झाले ते बासष्टावे. पुढचे २०३३ साली व्हायचे आहे आणि त्याचे विधी २०२५ मध्ये सुरूही झाले. आठ वर्षे आधी! आपल्याकडे आठ दिवस आधी मांडववाल्याला शोधतात.

नुसती इमारतच नव्हे, देवाच्या वस्तूही नव्या होतात. वस्त्रे, तलवारी, आरसे, विणकामाची साधने अशा ७१४ प्रकारच्या १५७६ वस्तू जुन्या पद्धतीने, हाताने, नव्याने घडवतात. म्हणजे विणकर, लोहार, लाखकाम करणारे, सुतार या सगळ्यांना दर वीस वर्षांनी देवाचे बोलावणे असते. वीसच वर्षे का, याची कारणे अनेक सांगतात. जमिनीत थेट रोवलेल्या लाकडी खांबांचे आणि गवती छपराचे आयुष्यच तेवढे, हे एक. मला पटणारे दुसरे आहे. विशीतला शिकाऊ सुतार पहिल्यांदा हाताखाली काम करतो, चाळिशीत तो स्वतः काम करतो आणि साठीत तो दुसऱ्याला शिकवतो. वीस वर्षे हे लाकडाच्या आयुष्यापेक्षाही माणसाच्या आयुष्याचे माप आहे.

बँकेत आम्हाला घसारा शिकवतात. इमारत घ्या, यंत्र घ्या, दरवर्षी त्याची किंमत थोडी थोडी उतरते, आणि एक दिवस ती वहीत शून्य होते. अडतीस वर्षे मी हे हिशेब पाहिले. इसेच्या लोकांनी मात्र एक वेगळीच गोष्ट ओळखली. घसारा वस्तूला लागतो. कारागिराचा हात वापराने वाढतो. म्हणून त्यांनी आपली पुंजी इमारतीत कमी आणि हातांत जास्त गुंतवली. तेराशे वर्षांनी हिशेब मांडला तर कोणाची बाकी जमेला निघते, हे सांगायला कोषाध्यक्ष कशाला हवा?

हे फुकट होत नाही. २०१३ च्या नवनिर्माणाला साडेपाच हजार कोटी येनच्या घरात खर्च आला. लाकूड लागते हजारो ओंडके, तेही हिनोकी या सुरूच्या जातीच्या झाडाचे. शतकानुशतके तोड झाल्याने जवळचे जंगल संपले होते. तेव्हा १९२३ साली देवस्थानाने आपल्या डोंगरांवर दोनशे वर्षांचा हिशेब धरून झाडे लावायला घेतली. ज्यांनी ती लावली त्यांच्यातल्या कोणालाही ती खांबाएवढी झालेली दिसणार नव्हती. २०१३ मध्ये लागलेल्या लाकडांपैकी सुमारे पाव हिस्सा या स्वतःच्या जंगलातला होता. असे जवळपास सातशे वर्षांनी घडले. आणि जुने लाकूड? तेही वाया जात नाही. मुख्य खांबांपैकी काही नदीवरच्या पुलापाशी तोरणे होतात. तिथे वीस वर्षे उभे राहिले की आणखी दूरच्या गावांत तोरणे म्हणून जातात. उरलेले देशभरच्या देवळांना वाटतात.

सगळे सुरळीतच चालले असेही नाही. पंधराव्या-सोळाव्या शतकांत यादवी माजली तेव्हा हा क्रम सव्वाशे वर्षे मोडला होता. तो पुन्हा सुरू व्हावा म्हणून गावोगाव फिरून वर्गणी कोणी गोळा केली? केइकोइन मठातल्या बौद्ध भिक्षुणींनी! दुसऱ्या महायुद्धानंतर १९४९ चे नवनिर्माण लांबले आणि १९५३ मध्ये झाले. तोवर सरकारी पैसा बंद झाला होता, म्हणून ते लोकांच्या देणगीतून उभे राहिले.

‘ते जपानी लोक, साहेब! आपल्याकडे असलं काही होणार नाही’ हे वाक्य मला आताच ऐकू येते आहे. आपल्याकडे काय होत होते ते मग पाहू.

जगन्नाथपुरीला नवकलेवर होते. अधिक आषाढ येतो त्या वर्षी देवांच्या लाकडी मूर्ती नव्याने घडवतात; जुन्यांतले ब्रह्मतत्त्व रात्री, डोळे बांधून नव्यांत ठेवतात आणि जुन्या मूर्तींना माती देतात. १९९६ मध्ये हे झाले, २०१५ मध्ये झाले. आणि अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ओडिशा आमच्या नागपूरकर भोसल्यांच्या अमलात होता, तेव्हा त्या देवळाची व्यवस्थाही त्यांच्याकडेच होती. म्हणजे नव्या देहात जुना देव ही कल्पना नागपूरच्या दप्तराला परकी नव्हती.

पुरीही लांबची वाटत असेल तर आमच्या कन्हान जंक्शनवर या. इथून एक फाटा फुटतो तो थेट रामटेकला जातो. रामटेकच्या टेकडीला रामगिरी म्हणतात, सिंदूरगिरीही म्हणतात. कालिदासाच्या यक्षाचा रामगिरी तो हाच, हे महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी हयातभर साधार मांडले. पाचव्या शतकात, वाकाटकांच्या काळात, दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी प्रभावतीगुप्ता इथली राणी होती. तिच्या ऋद्धपूरच्या ताम्रपटात रामगिरीच्या स्वामीचा उल्लेख आहे. गडावर त्या काळातली नरसिंहाची देवळे आहेत, यादवांचा शिलालेख आहे, अठराव्या शतकात पहिल्या रघुजी भोसल्यांनी केलेला जीर्णोद्धार आहे. पंधराशे वर्षे या टेकडीवर माणसे काही ना काही बांधत आली, बुजवत आली आणि पुन्हा बांधत आली.

यातली एक गोष्ट प्रत्येक देऊळ कमिटीने फळ्यावर लिहून ठेवावी अशी आहे. तिथल्या केवल नरसिंहाच्या देवळात शेकडो लोक रोज जात होते. भिंतीवर चुन्याचे थर चढत होते. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला डागडुजी करताना तो थर निघाला आणि खाली कोरलेली अक्षरे दिसली. प्रभावतीगुप्ताच्या घराण्याचा लेख! झिजलेला, तुटका, पण विदर्भाच्या इतिहासाचे एक पानच तिथे इतकी वर्षे चुन्याखाली गपचूप उभे होते. देव स्वच्छ दिसावा म्हणूनच कोणीतरी भक्तीने तो चुना दिला असणार. आपली भक्ती अनेकदा अशी झाकणारी असते.

वणीच्या सप्तशृंगीचे उदाहरण तर अगदी अलीकडचे. २०२२ मध्ये मूर्तीवरचे शेंदराचे जुने कवच काढले तेव्हा आतले मूळ रूप समोर आले, आणि पिढ्यान् पिढ्या ज्या रूपाला हात जोडले त्याहून वेगळी देवी पाहून लोकांच्या डोळ्यांत पाणी आले. पंढरपूरला २०२४ मध्ये मंदिराचे संवर्धन करताना गाभाऱ्यातली चांदी आणि ग्रॅनाइट उतरवले, तेव्हा जुना दगड पुन्हा मोकळा झाला. याच कामात मे महिन्याच्या अखेरीस एक तळघर सापडले आणि त्यात जुन्या मूर्ती मिळाल्या. जी ग्रॅनाइट पंढरपूरने काढून टाकली, नेमकी तीच बसवायला आमची कन्हानची कमिटी निघाली आहे. काळाच्या किती मागे असावे माणसाने!

रामटेकवर आणखी एक परंपरा आहे, आणि मला ती सगळ्यांत मोलाची वाटते. कार्तिकी पौर्णिमेला, मध्यरात्री, गडमंदिरावर त्रिपूर जाळतात. तेलातुपात भिजवलेले वस्त्र पेटते आणि ती ज्योत खालच्या गावांना दिसते. लहानपणी आजी मला एकदा त्या जत्रेला घेऊन गेली होती. नंतर तिचे गुडघे गेले. मग त्या रात्री ती आमच्या अंगणात उभी राहायची आणि रामटेकच्या दिशेने हात जोडायची. इथून काही दिसत नसे. मी म्हणायचो, ‘‘आजी, काहीच तर दिसून नाही राहिलं.’’ ती म्हणायची, ‘‘तिकडे पेटवलं असेल ना बाप्पा. मग झालं तर.’’ गडावरचे दगड झिजले, भिंती खचल्या, लेख पुसट झाले. आणि जी गोष्ट दरवर्षी जळून राख होते ती मात्र पुढच्या वर्षी पुन्हा ताजी असते, कारण ती दरवर्षी कोणीतरी नव्याने करतो.

आमच्या कवेलूंची फेरणी याच जातीची होती. तिला मंत्र नव्हता, मुहूर्त नव्हता, म्हणून तिला आम्ही परंपरा म्हटले नाही, कटकट म्हटले. पण तिच्यामुळे दरवर्षी प्रत्येक घराचा हात त्या देवळाला लागत होता. तिच्यामुळे गावात कवेलू घडवणारी भट्टी चालत होती, छपराचा उतार डोळ्यांनी जोखणारी माणसे होती. परवा मी सहज चौकशी केली. आमच्या भागात आज कवेलू फेरता येणारा एकही माणूस उरलेला नाही. शेवटचा होता तो गेला. त्याने कोणाला शिकवले नाही, कारण १९९४ नंतर त्याला शिकवायला छप्परच राहिले नव्हते. हा तोटा मी केला आहे आणि तो कुठल्याही ताळेबंदात दिसत नाही.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर हा लेख म्हणजे साठीतल्या माणसाचे ‘आमच्या वेळी’ होईल.

जुने ते सगळेच जपण्यालायक असते असे मी म्हणत नाही. रामटेकच्याच गडावर धूम्रेश्वराचे स्थान आहे. लोककथा सांगते की तप करणाऱ्या शंबूकाचा वध रामाने इथे केला आणि मरताना त्याने मागितलेल्या वरामुळे आधी त्याचे दर्शन घ्यायचे, मग रामाचे. गडावर जाणाऱ्या प्रत्येकाने त्या जागी क्षणभर थांबून विचार करावा, ही कथा आपल्याला काय सांगते आणि काय दडवते. आमच्या देवळाची फेरणी ‘सगळे गाव’ करत होते असे मी वर लिहिले. पण माझ्या आजोबांच्या काळात त्या ‘सगळ्यां’त कोण नव्हते हेही मला ठाऊक आहे. काही हात छपरावर चालत, पण गाभाऱ्यात चालत नसत. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखो माणसांनी ज्या परंपरेकडे पाठ फिरवली, तिने त्यांच्यासाठी काय राखून ठेवले होते? पुलापलीकडचे ते सुंदर विहार त्या नकारातून उभ्या राहिलेल्या नव्या श्रद्धेचे आहे, हे तिथे सहलीला जाणाऱ्या आमच्यासारख्यांनी विसरू नये. इसेची गोष्टही निर्दोष नाही. तिथे सामान्य भाविक आजही कुंपणाबाहेरूनच हात जोडतो, आणि महायुद्धापर्यंत शिंतोला राज्यसत्तेने आपल्या रथाला जुंपले होते.

पण म्हणूनच वीस वर्षांचा नेम मला शहाणपणाचा वाटतो. जे दर वीस वर्षांनी नव्याने बांधावे लागते, त्याबद्दल दर वीस वर्षांनी पुन्हा ठरवावेही लागते. कोणाला आत घ्यायचे, काय ठेवायचे, काय सोडायचे. इसेत नव्या देवळासाठी ओंडके ओढायला आणि अंगणात पांढरे गोटे अंथरायला गावच्या लोकांना बोलावतात. एरवी बंद असलेल्या आवारात गोटे ठेवायला तेवढे आत जाता येते. आपण पुन्हा फेरणी सुरू केली तर तिचे आमंत्रण या वेळी प्रत्येक दारात गेले पाहिजे. संगमरवर एकदा बसवले की कोणाला काही विचारायची गरजच उरत नाही. त्याची हीच तर जाहिरात असते.

जीर्णोद्धार नको, असे कोणी समजू नये. डोक्यावर छत कोसळेल तर भक्तीही कोसळेल. पण जीर्णोद्धाराला निघालेल्या प्रत्येक गावाला माझी, एका माजी बँकवाल्याची, चार साधी कलमे आहेत.

पहिले, पाडण्याआधी पाहा. प्रत्येक भिंतीचे, खांबाचे, मूर्तीचे फोटो काढा, मापे लिहा. देऊळ खरेच जुने असेल तर पुरातत्त्व खात्याला आधी बोलवा, कुदळीला नंतर. ऑइलपेंट आणि टाइल्स ही देवाची सेवा नव्हे. रामटेकचा चुना आठवा.

दुसरे, बांधकाम निधीआधी देखभाल निधी काढा. आमच्या वहीची तीस वर्षांची पाने मी चाळली. घंटेला देणगी आहे, दरवाजाला आहे, ध्वनिक्षेपकाला तर तीनदा आहे. स्लॅबवरच्या गच्चीची नाली साफ करायला एकाही वर्षी एक रुपया नाही. स्लॅब गळायचे निम्मे कारण तेच. कळसावर नाव कोरता येते, साफ केलेल्या नालीवर येत नाही. म्हणून कळसाला दाता मिळतो आणि नालीला मिळत नाही. जो एक लाख देईल त्याच्याकडून वीस हजार देखभालीच्या मुदत ठेवीत घ्या, आणि त्याचे फक्त व्याज खर्चा.

तिसरे, देवळाचे एक तरी काम असे ठेवा की जे दरवर्षी गावालाच करावे लागेल. सगळे सोयीचे आणि कायमचे करू नका. एक मंडप कवेलूचा असू द्या. भिंतीला चुना गावातल्या पोरांनी द्यावा. जे शिकवायचे आहे ते करायला लावल्याशिवाय शिकवता येत नाही, हे मास्तरांना आणि सुतारांना सारखेच ठाऊक असते.

चौथे, झाडे लावा. देवळाच्या मागे आमची थोडी पडीक जागा आहे. तिथे गाड्या उभ्या राहतात. तिथे सागाची रोपे लावली तर आजच्या पोरांच्या नातवंडांना मंडपासाठी घरचे खांब मिळतील.

हे सगळे मी परवाच्या सभेत सांगितले. भाषण जरा लांबले, हे कबूल. शेवटी मी ती जुनी वही उघडून १९९४ चा ठराव वाचून दाखवला, आणि तो कोणी लिहिला हेही सांगितले. क्षणभर कोणी बोलले नाही. मग चित्र आणणाऱ्या त्या तरुणाने विचारले, ‘‘म्हणजे काकाजी, तेव्हा तुम्ही चुकले?’’ मी म्हणालो, ‘‘हो. आणि मला तेव्हा कोणी अडवलं नाही.’’

ठराव काय झाला ते सांगतो. मी जिंकलो असे नाही. स्लॅब उतरणार, कारण तो धोक्याचा आहेच. गाभाऱ्याच्या विटांच्या भिंती मात्र राहणार. वरचा रंग हलक्या हाताने काढून आधी पाहणार. ग्रॅनाइट रद्द झाली. तीनपैकी दोन कळस गळाले आणि त्यांचे देणगीदार माझ्यावर नाराज आहेत. समोरचा मंडप पुन्हा कवेलूचा करायचा का, यावर मतदान घ्यावे लागले. एका मताने ते मंजूर झाले, आणि ते मत त्या तरुणाचे होते. कवेलू कुठून आणायचे आणि फेरायला कोण शिकवणार, याचा शोध त्याच्याच गळ्यात घातला आहे. मोटारसायकलवरून तो हल्ली गावोगावच्या कुंभारवाड्यांतून चौकशी करत फिरतो. अजून तरी शिकवणारा सापडलेला नाही.

मी माझ्यापुरते एक केले. कोषाध्यक्ष म्हणून नव्या वहीचे पहिले पान आखले, आणि खर्चाच्या बाजूला पहिलीच ओळ लिहिली : ‘फेरणी, मृगाआधी, दरवर्षी.’ रकमेची जागा सध्या कोरी आहे.